झोप लागणारा मॅकबेथ

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये मी जंगल होते. अख्खं नव्हे, एक-अष्टमांश. आम्ही आठजणी हातात अशोकाच्या फांद्या धरून विंगेतून हळूहळू सरकत यायचं आणि आम्हाला बघून मॅकबेथ झालेल्या मुलीनं दोन पावलं मागं जायचं, एवढंच आमचं काम. नाटकाचं मराठी रूपांतर आमच्या बाईंनी स्वतःच केलं होतं. तालमीला फांद्या मिळाल्या नाहीत, कारण आवारातल्या झाडांना हात लावू द्यायला शिपाई तयार नव्हता. प्रयोगाच्या दिवशी दुपारी त्यानं कुरकुरत चार फांद्या तोडून दिल्या आणि त्यांच्याबरोबर मुंगळेही दिले. त्या संध्याकाळी बर्नमचं जंगल ठरल्यापेक्षा बऱ्याच वेगानं डन्सिनेनवर, म्हणजे मॅकबेथच्या किल्ल्यावर, चालून गेलं. एक झाड तर फांदी टाकून मधोमध हात झटकत उभं राहिलं. ते मी.

नाटक पुढे विसरले, पण झोपेचं ते तेवढं डोक्यात राहिलं. म्हाताऱ्या, झोपलेल्या, घरी पाहुणा म्हणून आलेल्या राजाला मॅकबेथ मारतो आणि त्याला आवाज ऐकू येतो, की तू झोपेचाच खून केलास, आता तुला झोप नाही. बायकोचंही तेच. ती झोपेत चालते, हात चोळत राहते. अंथरुणावर पडल्यावर दिवसभरातलं काहीबाही टोचायला लागलं की मला अजून तो प्रवेश आठवतो.

पुढे लेक अ‍ॅबर्डीनला गेली. आम्ही पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा किल्ले झाले, समुद्र झाला, आणि मग एका रविवारी जावई म्हणाले, "आई, मॅकबेथला मारलं ते गाव इथून तासाभरावर आहे. येता का?"

मी म्हटलं, "मॅकबेथला? म्हणजे तो खरा होता?"

आयुष्यभर मराठीतून इतिहास शिकवलेल्या बाईनं असं विचारणं जरा लाजिरवाणंच. पण मॅकबेथ म्हणजे माझ्या लेखी हॅम्लेटचा मावसभाऊ. त्याला जन्मतारीख, बाप, सावत्र मुलगा, जमिनीचे कागद असतील असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री नातवाला झोपवून मी वाचायला बसले ती परत येईपर्यंत वाचतच होते.

त्याचं खरं नाव मॅक बेथाद मॅक फिन्लाइख, फिन्लाइखचा मुलगा. 'मॅक बेथाद' याचा शब्दशः अर्थ 'जीवनाचा पुत्र', म्हणजे धर्मानं चालणारा माणूस. आपल्याकडे एखाद्याचं नाव चिरंजीव ठेवावं आणि नाटककारांनी त्याला यम करून टाकावं, तसं झालं. साधारण १००५च्या आसपासचा त्याचा जन्म. बाप उत्तरेकडच्या मॉरे प्रांताचा मॉर्मेअर होता. मॉर्मेअर म्हणजे सुभेदार म्हणावं तर कमी पडतं आणि राजा म्हणावं तर दक्षिणेकडच्या राजाला राग येईल, अशी मधली जागा.

या माणसाबद्दल त्याच्या काळात लिहिलेलं फार थोडं आहे. बहुतेक सगळं आयर्लंडमधल्या मठांत ठेवलेल्या नोंदींमधलं, वर्षाला दोन-चार ओळी. ज्यांनी जेधे शकावली चाळली असेल त्यांना ही चव माहीत असते. अमुक साली अमुक मारला गेला, संपलं. का मारला, कोणाला वाईट वाटलं, काही नाही. १०२० साली फिन्लाइख मारला गेला, त्याच्याच पुतण्यांच्या हातून. १०३२ साली त्या पुतण्यांपैकी एक, गिल्ला कोम्गाइन, पन्नास माणसांसह जाळला गेला. जाळणाऱ्याचं नाव नोंदीत नाही. पण त्यानंतर मॉरेची गादी मॅकबेथकडे आहे आणि जळालेल्या चुलतभावाची विधवा मॅकबेथची बायको आहे. मी पाटीवर गणित मांडणार नाही, तुम्हीच मांडा.

तेव्हाच्या स्कॉटलंडमध्ये, म्हणजे आल्बामध्ये, राजाचा थोरला मुलगा आपोआप राजा होत नसे. राजघराण्याच्या शाखा अनेक, आणि त्यांतला जो कर्ता, लढणारा पुरुष असेल त्याचा हक्क. ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात याला आपल्याकडे एकच शब्द आहे, भाऊबंदकी. ९९५, ९९७ आणि १००५, दहा वर्षांत तीन राजे आपल्याच लोकांनी मारले. तिसऱ्याला मारून गादीवर आलेला दुसरा माल्कम मात्र जवळजवळ तीस वर्षं टिकला. त्याला मुलगा नव्हता, मुली होत्या. लेकीचा मुलगा डंकन गादीवर यावा म्हणून त्यानं वाटेतले काटे काढायला सुरुवात केली. १०३३ साली त्यानं मारलेल्यांत बोइते नावाच्या राजपुत्राच्या घरातला एक वारस होता.

हे बोइते लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

तर १०३४ साली डंकन राजा झाला. हा नाटकातला पांढऱ्या दाढीचा, सोज्वळ डंकन नव्हे. हा तरुण होता, एका आयरिश नोंदीत तर तो अकाली गेला असं लिहिलंय. आणि फारसा यशस्वीही नव्हता. १०३९ साली त्यानं इंग्लंडात शिरून डरहॅमला वेढा घातला, सपाटून मार खाल्ला, आणि डरहॅमकरांनी त्याच्या मेलेल्या सैनिकांची मुंडकी बाजारात खांबांवर लावली. पुढच्या वर्षी तो उत्तरेला मॉरेत गेला. पाहुणा म्हणून नव्हे, फौज घेऊन. एल्गिनजवळच्या बॉथ्नागोवन नावाच्या जागी १४ ऑगस्ट १०४० रोजी मॅकबेथच्या माणसांनी त्याला मारलं. त्या गेलिक नावाचा अर्थ 'लोहाराची झोपडी'. शयनगृह नाही, खंजीर नाही, दारू पाजून झोपवलेले पहारेकरी नाहीत. मॅकबेथचा म्हणून कॉडरचा जो किल्ला आज बघायला जातात, तो या सगळ्यानंतर निदान तीनशे वर्षांनी बांधला. झोपेत राजाला मारलं ही मुळात दुसऱ्याच कोणाची गोष्ट आहे. त्याआधीच्या शतकातल्या डफ नावाच्या राजाला डॉनवाल्ड नावाच्या किल्लेदारानं बायकोच्या सांगण्यावरून आपल्या घरी झोपेत मारवलं, अशी कथा बखरीत होती. नाटककारानं ती उचलून मॅकबेथच्या अंगावर चढवली. अंगरखा इतका नेमका बसला की चारशे वर्षांत कोणी उसवून पाहिला नाही.

मॅकबेथ राजा झाला. त्यानं राज्य केलं सतरा वर्षं. त्या काळात, त्या घराण्यात, सतरा वर्षं! सगळं शांत होतं असं मी म्हणत नाही. १०४५ साली डंकनचा बाप क्रिनान उठला. हा डंकेल्डच्या मठाचा अधिपती, पण संसारी, आणि वेळ पडली की फौज उभी करणारा. लढाईत तो मेला आणि त्याच्याबरोबर, नोंदीच्या भाषेत, नऊ विसा योद्धे. विसा! आमची आजी आंबे असे मोजायची. एकशे ऐंशी म्हटलं तर आकडा वाटतो, नऊ विसा म्हटलं की माणसं रांगेनं आडवी पडलेली दिसतात.

मला मॅकबेथला संत करायचं नाही. हल्ली तीही एक हौस आहे, बदनाम माणूस दिसला की त्याला आंघोळ घालून, टिळा लावून उभा करायचा. हा आपल्या काळाचाच माणूस होता. बहुधा चुलतभावाला जाळून, आणि राजाला मारून गादीवर बसलेला. पण १०५० सालची एक नोंद वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला.

त्या साली मॅकबेथ रोमला गेला.

जर्मनीतल्या मठात राहणाऱ्या मरियानुस नावाच्या आयरिश संन्याशानं आपल्या इतिहासात एक ओळ लिहून ठेवलीय, की स्कॉटलंडच्या राजानं रोममध्ये गरिबांना चांदी वाटली. वाटली यासाठी त्यानं वापरलेलं लॅटिन क्रियापद बियाणं पेरण्याचं आहे. चांदी पेरली. पाभरीमागून जाणाऱ्या बाईची मूठ जशी उघडमीट करते, तशी मूठ डोळ्यांसमोर येते. हे लिहिणारा त्याचा भाट नव्हता, त्याच्या राज्यात राहतही नव्हता. त्याला खोटं लिहायचं काही कारण नव्हतं.

आता जरा नकाशा बघा. स्कॉटलंडहून रोम म्हणजे समुद्र, मग अख्खा फ्रान्स किंवा ऱ्हाइनचं खोरं, मग आल्प्स, मग इटली. जायला महिने, यायला महिने. आपल्याकडे काशीला निघालेला माणूस घरच्यांचा शेवटचा निरोप घेऊन निघायचा, तशातली गत. मारलेल्या राजाचे मुलगे जिवंत आहेत, परमुलखात आसरा घेऊन मोठे होताहेत. क्रिनानचं बंड मोडून पाच वर्षं झालीत. अशा वेळी गादी मागे सोडून जो माणूस रोमला जातो आणि परत येतो तेव्हा गादी जागेवर असते, त्याला काय म्हणायचं? नाटकातल्या मॅकबेथला शेजारच्या खोलीतल्या मेजवानीला धड बसता येत नाही, रिकाम्या खुर्चीत मेलेला माणूस दिसतो. खऱ्या मॅकबेथला घरी परतण्याची खात्री होती. मला वाटतं, त्याला झोप लागत असणार. रोमला पापं धुवायलाच गेला असेल कदाचित, नाही म्हणत नाही मी. पण धुवून आल्यावर तरी शांत झोपला असेल.

जुन्या एका भविष्यकाव्यात त्याचं वर्णन आहे, उंच, तांबूस, सोनेरी केसांचा, आणि त्याच्या राज्यात देश पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत काठोकाठ भरलेला. भविष्यकाव्य म्हणजे घडून गेल्यावर लिहिलेलं भविष्य, त्यामुळे त्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरलेलंच. पण शिव्या देण्याजोगा राजा असता तर ती सोयही त्या कवीला होतीच की.

आता बोइते. मॅकबेथची बायको त्यांची मुलगी. तिला नाटकात नाव नाही, कधी लक्षात आलंय? ती नुसती अमक्याची बायको आहे. खऱ्या राणीचं नाव ग्रुओख. राजाची नात, म्हणजे हक्काच्या गोष्टी करायच्या तर नवऱ्याइतकाच राजरक्ताचा हक्क तिच्या बाजूनं. पहिला नवरा जाळला गेला तेव्हा पदरी लुलाख नावाचा मुलगा. वर्षभरात माहेरचा वारस माल्कमनं मारला. मग मॅकबेथशी लग्न. तिचं मन काय म्हणत होतं ते शकावलीत नसतं. आपल्या नवऱ्याला मारल्याचा संशय ज्याच्यावर आहे त्याच्याच घरात ती लेकराला घेऊन नांदायला गेली, आणि त्यानं ते लेकरू वाढवलं. एवढंच दिसतं, पण ते काही कमी नाही.

तिचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलं ते एका दानपत्रामुळे. मला या सगळ्या वाचनात सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर हा कागद. लॉक लेव्हन नावाच्या तळ्यात एक बेट, त्यावर संत सर्फच्या नावानं राहणारे मूठभर साधू. त्यांना मॅकबेथ आणि ग्रुओख यांनी कर्कनेस गावची जमीन दिली. दानपत्रात दोघांची नावं शेजारीशेजारी आहेत. फिन्लाइखचा मुलगा मॅकबेथ आणि बोइतेची मुलगी ग्रुओख, स्कॉट लोकांचे राजा आणि राणी. आणि पुढे माफ्या. या जमिनीवर राजाची पट्टी नाही, राजपुत्राची नाही, कोणा अधिकाऱ्याची नाही, पूल दुरुस्तीची वेठ नाही, लष्करात माणसं पाठवणं नाही, शिकारीला हाकारे देणं नाही. आपल्या इनामाच्या सनदांमध्ये बाबींची जी माफी लिहिलेली असते, तिची हुबेहूब बहीण. त्याबदल्यात काय, तर प्रार्थना करा. हा कागद मी चार वेळा वाचला. रक्ताचे डाग चोळणारी ती बाई आणि पूल दुरुस्तीच्या वेठीतून साधूंना सूट देणारी ही बाई, दोन्ही एकच म्हणून जगाच्या डोक्यात बसल्यात.

मराठी वाचकाला इथं आनंदीबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव मारले गेले आणि 'धरावे'चं 'मारावे' कोणी केलं, तर काकूंनी. ध चा मा. इतकं चपखल, दोन अक्षरांत मावणारं, की खरंखोटं करायला कोणी थांबलंच नाही, आणि वाक्प्रचार भाषेत जाऊन बसला. घरातल्या पुरुषांनी गादीसाठी तलवार उपसली की मागे कोणा बाईनं कान भरले होते हे शोधायची फार घाई असते. मॅकबेथच्या बखरकारांनाही ती घाई झाली. ग्रुओखच्या काळातल्या कुठल्याही नोंदीत तिनं काही चिथावणी दिल्याचा शब्द नाही. राणी म्हणवून घ्यायच्या हव्यासानं पेटलेली बाई हे तिच्यानंतर साडेचार-पाच शतकांनी आलं.

ते कसं आलं त्याचं कारण सरळ आहे. मॅकबेथला हरवणाऱ्या, डंकनच्या मुलाच्या वंशानं पुढची सव्वादोनशे वर्षं राज्य केलं. त्यांच्या राज्यात लिहिणाऱ्यांनी मधली सतरा वर्षं कशी लिहावीत? गादी चोरलेली होती असंच. चौदाव्या शतकात तो जुलमी झाला. १४२०च्या सुमारास विंटनच्या अँड्र्यूनं पद्यात इतिहास लिहिला, त्यात मॅकबेथला स्वप्नात तीन बायका दिसल्या. नुसतं स्वप्न! १५२७ साली हेक्टर बोइसनं त्यात मॅकबेथचा साथीदार म्हणून बँक्वो आणला. हा बँक्वो कधी जन्मलाच नाही, पण पुढच्या स्ट्युअर्ट राजांना मूळपुरुष मिळाला. तिथून गोष्ट इंग्लंडातल्या हॉलिनशेडच्या जाड ग्रंथात आणि तिथून शेक्सपिअरच्या टेबलावर. तोवर १६०३ साली स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला होता, बँक्वोचा वंशज म्हणवणारा, चेटकिणींवर स्वतः ग्रंथ लिहिलेला. धनी असा असल्यावर नाटकात चेटकिणी आल्या, बँक्वो सज्जन झाला, हे काही नवल नाही. दरबारी शाहिरानं पोवाड्यात धन्याच्या पणजोबाला पळपुटा म्हटल्याचं तुम्ही ऐकलंय का कधी?

आणि तरीही ते नाटक थोर आहे, हीच पंचाईत. आपल्याकडे शि. म. परांजप्यांनी त्याचा 'मानाजीराव' केला, १९५४ साली शिरवाडकरांनी 'राजमुकुट' केलं. त्यांना काही स्कॉटलंडच्या गादीचं पडलं नव्हतं. त्यांना तो झोप उडालेला माणूस हवा होता. तो राजा खोटा असला म्हणून काय झालं.

झोपेवरून शेवटची एक गोष्ट. १०५४ साली उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थंब्रियाचा सरदार सीवर्ड फौज घेऊन डंकनच्या मुलासाठी उत्तरेला चालून आला. नाटकात इथेच फांद्या, जंगल आणि शेवट आहे. आयरिश नोंदीत जंगल नाही, फक्त मेलेल्यांचा आकडा आहे, तीन हजार स्कॉट, दीड हजार इंग्रज. सीवर्डचा मुलगाही पडला. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडातून हाकलले गेलेले काही नॉर्मन योद्धे मॅकबेथनं पदरी ठेवले होते, तेही त्याच्या बाजूनं लढून मेले. मॅकबेथ मात्र वाचला, आणि आणखी तीन वर्षं राजा राहिला. या लढाईची तारीख इंग्लंडातल्या बखरीत कशी दिलीय माहितेय? २७ जुलै असं नाही. 'सात निद्रिस्तांच्या दिवशी'. इफिससच्या गुहेत शतकभराहून जास्त झोपून राहिलेल्या सात तरुणांचा तो सण. आपल्या मुचकुंदाचे हे ख्रिस्ती सोयरेच. ज्यानं झोपेचा खून केला म्हणून जग ओळखतं, त्याची सर्वांत मोठी लढाई झोपलेल्यांच्या सणाला झाली होती, आणि शेक्सपिअरच्या हातून ते निसटलं! मला त्या रात्री हे कोणाला तरी सांगायचं होतं, पण घरात सगळेच सात निद्रिस्त.

पुढच्या रविवारी आम्ही त्या गावी, लंफॅननला गेलो. १५ ऑगस्ट १०५७, डंकन मेल्याला सतरा वर्षं आणि एक दिवस झाला होता, तेव्हा इथं डंकनच्या मुलानं, म्हणजे पुढच्या तिसऱ्या माल्कमनं मॅकबेथला गाठलं. त्यानंतरही गादी लगेच माल्कमला मिळाली नाही. मॅकबेथच्या लोकांनी लुलाखला, ग्रुओखच्या त्या पोराला, राजा केलं. तो सात महिने टिकला. १७ मार्च १०५८ला तोही मारला गेला. ग्रुओख तेव्हा जिवंत होती का, हे एकाही नोंदीत नाही.

गाव लहान. टेकाडावर कुंपणापलीकडे झाडांचं एक वर्तुळ आणि आत दगडांचा ढीग, त्याला मॅकबेथची समाधी म्हणतात. ती त्याची नाही. दगडांची ती रास कांस्ययुगातली, त्याच्याही दोनेक हजार वर्षं आधीच्या कुणाची. लोकांना ढीग दिसला, राजा आठवला, जोडून टाकला. त्याला नंतर आयोना बेटावर पुरलं असं परंपरा सांगते. आम्ही फाटकाशी उभे राहून बघितलं. मेंढ्या चरत होत्या. वारा असा, की पदर सांभाळू की टोपी.

जावयांनी फोटो काढले. लेकीनं थर्मासमधला चहा दिला. नातवाला समाधीत काडीचा रस नव्हता. तो रस्त्याकडेला पडलेली एक पानांसकटची फांदी ओढत घेऊन आला आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, "आजी, धर, मला बूट बांधायचाय."

मी ती घेतली आणि आधी दोनदा चांगली झटकली.